तारामतीपासून ब्रागांझाआजीपर्यंत

एखाद्या नटाची अथवा नटीची कारकीर्द किती लांबीची, हे ठरविण्याची लोकांची एक रूढ रीत आहे. बोलपटांची यादी काढायची, आकडा मोजायचा आणि मान डोलवायची. माझी रीत थोडी निराळी आहे. एकाच घराण्यातल्या किती पिढ्या त्या कलावंताच्या समोर कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, ते मी पाहतो.

दुर्गाबाई खोटे यांना ही मोजपट्टी लावून पाहा. १९३४ साली कलकत्त्याच्या देवकी बोसांनी ‘सीता’ काढला. त्यात दुर्गाबाई सीता आणि पृथ्वीराज कपूर राम. पुढच्याच वर्षी ‘इन्किलाब’ आला. त्यातही ही दोघे होती, आणि त्यांच्या जोडीला दहा वर्षांचा एक गोरागोमटा पोरगा होता. हा पृथ्वीराजांचा थोरला मुलगा, राज! १९६० साली ‘मोगल-ए-आझम’मध्ये पृथ्वीराज अकबर झाले आणि दुर्गाबाई जोधाबाई. १९६३ साली जेम्स आयव्हरींच्या ‘द हाउसहोल्डर’मध्ये त्या धाकट्या शशी कपूरची आई झाल्या. आणि १९७३ साली ‘बॉबी’मध्ये त्या राजच्या मुलासमोर, ऋषीसमोर, प्रेमळ ब्रागांझाआजी म्हणून उभ्या राहिल्या. दिग्दर्शक कोण? ‘इन्किलाब’मधला तो दहा वर्षांचा पोरगा!

कपूरांच्या तीन पिढ्या आल्या, वाढल्या, काही पांढऱ्याही झाल्या; आणि १९३१ साली पडद्यावर आलेली ही बाई १९८० सालच्या ‘कर्ज’मध्येही आपली ताठ मान घेऊन उभी होती. दोनशेच्या आसपास चित्रपट आणि पन्नास वर्षांचा काळ! दुर्गाबाई जाऊन आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला; पण त्यांच्या आयुष्याचा विचार करू लागलो, की मला त्यांच्या अभिनयाइतकेच एका दुसऱ्या गोष्टीचे कौतुक वाटते. ती गोष्ट कोणती, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

गिरगावातली विठा लाड

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे नाव विठा लाड. वडील पांडुरंगराव लाड मुंबईतले सॉलिसिटर. घराणे मूळचे गोव्याकडचे. कांदेवाडीतल्या भल्यामोठ्या एकत्र कुटुंबात ही मुलगी वाढली. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स कॉलेजात. त्या काळी मुलीने मॅट्रिकपर्यंत मजल मारली तरी शेजारीपाजारी भुवया उंचावत. तिथे ही कॉलेजात!

याच गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. विठा त्या वेळी आठ वर्षांची होती. त्या चित्रपटातली तारामती कोण होती, हे वाचकांना ठाऊक असेलच. अण्णा साळुंके नावाचा एक पुरुष! फाळक्यांनी पुष्कळ खटपट केली, पण तारामतीचे काम करायला बाई मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णांना लुगडे नेसवून राणी करावे लागले. पाठोपाठच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी धैर्य दाखविले, पण त्यांनी उघडलेल्या दाराशी गर्दी काही झाली नाही. पुढची कित्येक वर्षे ‘सिनेमातली बाई’ हा शब्द घरंदाज माणसे आवाज खाली करूनच उच्चारीत.

विठाचे लग्न अठराव्या वर्षी विश्वनाथ खोटे यांच्याशी झाले. मुलगा इंजिनियर, सासर गडगंज. विठाची दुर्गा झाली. दोन मुलगे झाले, बकुळ आणि हरीन. इथवर ही गोष्ट सुखाने संसार केला म्हणून संपायला हरकत नव्हती. पण खोट्यांचे ऐश्वर्य ओसरले आणि दोन लहान मुलांची काळजी या पंचविशीतल्या बाईच्या माथी आली. इंग्रजी उत्तम येत होते, रूप होते, माहेरचा आधार होता. त्या माहेरी परत जाऊन आश्रिताचे जिणे जगायचे, की स्वतःच्या पायावर उभे राहायचे, एवढाच प्रश्न होता. दुर्गाबाईंनी दुसरा रस्ता धरला.

आजच्या वाचकाला यात फारसे काही वाटणार नाही. पण त्या काळी चांगल्या घरातल्या बाईला पैसे मिळवायचे तर मार्ग किती होते? शाळेतली मास्तरीण, दवाखान्यातली नर्स, फार तर शिकवण्या. झाले!

पहिली ठेच

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात दुर्गाबाईंना एक लहानशी भूमिका मिळाली. पैशाची गरज होती. चित्रपटाची कथा काय, त्याचा दर्जा काय, हे पाहण्याइतका अनुभव नव्हता. चित्रपट पडद्यावर आला आणि हलकल्लोळ उडाला. लाडांच्या लेकीने आणि खोट्यांच्या सुनेने हे काय केले! ओळखीच्या माणसांनी तोंडे फिरवली. भूमिका छोटी, पण शिक्षा भलीमोठी!

इथे दुसरी कोणी असती तर सिनेमाला कायमचा रामराम ठोकती आणि तिला कुणी नावही ठेवले नसते. परंतु याच चित्रपटातली ही उंच, सरळ नाकाची, स्पष्ट बोलणारी मुलगी कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांच्या डोळ्यांत भरली. ‘प्रभात’ आपला पहिला बोलपट काढण्याच्या तयारीत होती आणि त्यांना हवी होती तारामती!

अण्णा साळुंक्यांच्या तारामतीनंतर एकोणीस वर्षांनी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘अयोध्येचा राजा’ झळकला. हा मराठीतला पहिला बोलपट. ज्या गिरगावात विठाचे बालपण गेले, त्याच गिरगावात ती डोंबाघरी राबणाऱ्या राजाची राणी होऊन पडद्यावर आली. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, संगीतही त्यांचेच. बाबूराव पेंढारकर गंगानाथ, आणि मास्टर विनायक नारद.

हा बोलपट मी प्रथम पाहिला तो फार उशिरा, जुन्या चित्रपटांच्या एका खास खेळाला. चित्र झिजलेले, आवाज खरखरीत. मनाची तयारी करून बसलो होतो, की आता पाऊणशे वर्षांपूर्वीची नाटकी रडारड सहन करायची. पण मला नवल वाटले ते त्या बाईच्या संथपणाचे. भोवतालची मंडळी रंगभूमीवरच्या सवयीने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवीत होती. ही बाई मात्र समोरच्या माणसाशी बोलत होती. रंगभूमीची तालीम मिळालेली नव्हती, हे तिचे उणे. तेच इथे उपयोगी पडले! त्या काळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. चित्रण चालू असतानाच नटीने गायचे आणि वाद्यमेळाने कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करायची. त्यातून ‘प्रभात’ने बोलपट मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत काढला. एकाच तारामतीने प्रत्येक दुःख दोनदा भोगायचे, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत!

हरिश्चंद्र-तारामतीच्या पुण्याईचा काही भाग नटीच्या पदरात पडला असावा. वर्षापूर्वी ज्यांनी तोंड फिरविले होते, तीच माणसे बायकामुलांसह तारामती पाहावयास गेली.

राणी, चाचीण आणि सासू

मग दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्याच साली ‘माया मच्छिंद्र’ आला. स्त्रीराज्याची राणी सिंहासनावर आणि शेजारी जिवंत चित्ता! नवऱ्याच्या पाठोपाठ रानोमाळ फिरणाऱ्या तारामतीनंतर पुरुषांवर हुकूम चालविणारी ही राणी पाहून प्रेक्षक चक्रावले असतील. त्यानंतर कलकत्त्याला ‘राजरानी मीरा’, मग ‘सीता’. हा ‘सीता’ १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवली पाहिजे. त्या काळचे नट-नटी कंपनीचे पगारी नोकर असत. ज्या कंपनीचे मीठ खाल्ले तिच्याच आवारात राहायचे. दुर्गाबाई मात्र कोल्हापूर-पुण्याच्या ‘प्रभात’मध्येही दिसतात, कलकत्त्यातही दिसतात आणि मुंबईतही. एका कंपनीच्या दावणीला बांधून न घेता, करारापुरते काम करून पुढे जाणाऱ्या आपल्याकडच्या अगदी पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. हा काही मानभावीपणा नव्हता. दोन मुलांचा खर्च चालवायचा तर एकाच मालकाच्या मर्जीवर विसंबून चालत नाही, हा रोकडा हिशेब होता.

१९३६ चा ‘अमर ज्योती’ हा मला त्यांचा या काळातला सर्वांत महत्त्वाचा बोलपट वाटतो. यातली सौदामिनी ही एक आई. कायद्याने तिचा पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला, म्हणून ती समुद्रावर जाते आणि चाच्यांची म्होरकी होते. पुरुषांच्या राज्याविरुद्ध तलवार उपसते. आता विचार करा. ही भूमिका करणारी बाई स्वतः दोन मुलांची आई. त्यांच्यासाठीच घराबाहेर पडलेली. सौदामिनीच्या डोळ्यांतला जाळ काही केवळ शांतारामांच्या दिव्यांचा नव्हता, असे मला नेहमी वाटत आले आहे.

या सगळ्याचा परिणाम पडद्यापुरता राहिला नाही, याचा दाखला माझ्या घरातलाच देतो. माझी एक आत्या ऐन तारुण्यात विधवा झाली. ही गोष्ट चाळिशीच्या दशकातली, आमच्या साताऱ्याकडची. तिने नर्सिंग शिकायला जायचे काढले तेव्हा भाऊबंदांनी घर डोक्यावर घेतले. परक्या माणसांची शुश्रूषा? रात्रपाळी? आजोबा बराच वेळ सुपारी कातरीत ऐकत राहिले. मग म्हणाले, “लाड सॉलिसिटरांची मुलगी सिनेमात काम करून पोरं वाढवते आणि अख्खा महाराष्ट्र तिला तारामती म्हणून हात जोडतो. आपली पोर आजाऱ्याला औषध पाजील, तर आपलं नाक कापलं जाईल होय?” आत्या गेली, शिकली आणि पुढे तीस वर्षे नोकरी करून सन्मानाने निवृत्त झाली. आजोबांनी आयुष्यात दोन-तीनच बोलपट पाहिले असतील. पण त्यांतल्या एका बाईचा दाखला त्यांना ऐन वेळी उपयोगी पडला.

असे दाखले आणखी किती घरांत दिले गेले असतील, कोण जाणे! लीला चिटणीस, शोभना समर्थ, वनमाला, स्नेहप्रभा प्रधान अशा सुशिक्षित मुली पुढे बोलपटात आल्या, तेव्हा वाट अगदीच काट्याकुट्यांची राहिली नव्हती.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मध्ये दुर्गाबाई सुनेला छळणारी खाष्ट सासू झाल्या. सून होत्या वनमालाबाई. दुर्गाबाईंचे वय त्या वेळी अवघे छत्तीस! आरशाशी भांडत नायिकेची जागा अडवून बसण्याचे ते वय. पुष्कळ जणी तशा बसतात. प्रेक्षक अवघडतो आणि एक दिवस दार बंद होते. दुर्गाबाई दार बंद होण्याची वाट पाहत थांबल्या नाहीत. शेजारचे दार त्यांनी स्वतःच ढकलले. पुढच्या साली विजय भटांच्या ‘भरत भेट’मध्ये त्या कैकेयी झाल्या. दुष्ट सासू आणि दुष्ट सावत्र आई! आणि गंमत अशी, की बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला तो या दोन भूमिकांसाठी, दोन वर्षे लागोपाठ. पाठोपाठ १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मधली मृणालवती आली. वैराग्याचा अहंकार मिरविणारी आणि कैदी राजापुढे हळूहळू वितळत जाणारी ही राजभगिनी! मोदींच्या गर्जनेपुढे भल्याभल्यांचे आवाज विरून जात. मृणालवतीचा विरला नाही.

जोधाबाई आणि त्यानंतर

चित्रपटात नाव झाल्यावर बाई रंगभूमीकडे वळल्या, हाही उलटाच प्रवास. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी कामे केली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधली ‘मॅकबेथ’ची राणी या दोन महत्त्वाकांक्षी बायका नानासाहेब फाटकांसारख्या बुलंद नटासमोर उभ्या करायच्या, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्याने परीक्षेला बसण्यासारखेच होते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना गौरविले.

‘मोगल-ए-आझम’ मी विद्यार्थिदशेत मॅटिनीला पाहिला आणि पुढे २००४ साली तो रंगीत होऊन आला तेव्हा पुन्हा पाहिला. पहिल्या खेपेस माझे लक्ष साहजिकच मधुबालेवर होते! दुसऱ्या खेपेस माझे केस पिकलेले होते आणि या वेळी मी जोधाबाईकडे पाहत होतो. एका अंगाला बादशहा नवरा, दुसऱ्या अंगाला बंडखोर मुलगा. दोघेही पल्लेदार संवाद फेकताहेत. आणि हिच्या वाट्याला बहुतेक वेळ नुसते ऐकणे आले आहे. ऐकण्याचा अभिनय सर्वांत अवघड असतो. एकदा मुलाकडे, एकदा नवऱ्याकडे वळणारी ती नजर पाहिली आणि वाटले, साम्राज्ये पुरुष चालवितात खरे, पण त्यांची किंमत कोण चुकवते ते या चेहऱ्यावर लिहिलेले आहे.

अर्थात सगळेच सोने होते असे नव्हे. पांढरे पातळ, पाणावलेले डोळे आणि डोक्यावरून फिरणारा हात एवढ्या भांडवलावर आमच्या हिंदी चित्रपटाने शेकडो आया उभ्या केल्या. त्यांतल्या पुष्कळ दुर्गाबाईंच्याही वाट्याला आल्या. पटकथा सामान्य होत्या आणि भूमिका त्याहून सामान्य. तरीही त्या पडद्यावर आल्या की आजूबाजूची मंडळी जरा सावरून बसल्यासारखी वाटत. ‘अभिमान’मधली मावशी आठवा. काम केवढेसे, पण ते बिनसलेले घर आपले वाटते ते या मावशीच्या वावरामुळे. १९७४ च्या ‘बिदाई’तल्या आईसाठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या.

आणि अभिनय एवढेच त्यांचे विश्व नव्हते. १९३७ च्या सुमारास त्यांनी ‘साथी’ची निर्मिती केली. पुढे जाहिरातपट, माहितीपट आणि लघुपट काढण्याचा व्यवसाय उभारला आणि नेटाने चालविला. १९८८ साली दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतले ‘वागळे की दुनिया’ आले. वागळे झालेले अंजन श्रीवास्तव आणि त्यांची पत्नी झालेल्या भारती आचरेकर घराघरांत पोचल्या. त्या मालिकेमागे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ हे नाव होते. बाईंचे वय त्र्याऐंशी! मूकपटाचा अस्त होताना आलेली बाई दूरचित्रवाणीच्या दिवाणखान्यापर्यंत चालत आली.

हे सगळे सुरळीत चालू असताना घडले, असे मात्र समजू नका. मुलांसाठी त्यांनी हा प्रपंच मांडला. त्यांतला हरीन अकाली गेला. मागे त्याची पत्नी आणि लहान मुले राहिली. ही पत्नी म्हणजे पुढे विजया मेहता या नावाने मराठी रंगभूमीवर नवे पर्व घडविणाऱ्या विजयाबाई. पडद्यावर मुलासाठी टाहो फोडणाऱ्या आया दुर्गाबाईंनी अनेक केल्या. घरातले हे दुःख मात्र त्यांनी बाजाराला दाखविले नाही. सकाळ झाली की कामावर जायचे.

हीच ती दुसरी गोष्ट. दुर्गाबाईंविषयी लिहिताना ‘खानदानी घरातली पहिली स्त्री’ हे बिरूद हमखास लावतात. मला ते तोकडे वाटते. खानदान जन्माने मिळते; त्यात बाईंचे कर्तृत्व काय? आपण पोटासाठी काम करतो, हे त्यांनी कधी लाजून लपविले नाही आणि कामाला कधी कमीही लेखले नाही. ‘मी दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचा. शांता गोखल्यांनी ते इंग्रजीतही नेले आहे. राणी मिळाली तर राणी, सासू मिळाली तर सासू, जाहिरातपट मिळाला तर जाहिरातपट. जे करायचे ते वेळेवर आणि नीट. पन्नास वर्षे टिकण्याचे रहस्य म्हणून लोक काहीबाही सांगतात. मला तरी याहून दुसरे रहस्य दिसत नाही.

१९६८ साली पद्मश्री मिळाली. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. आणि २०१३ साली भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने पन्नास कलावंतांची तिकिटे काढली. त्यांत एक दुर्गाबाईंचे होते. तारीख होती ३ मे, म्हणजे कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तीच.

ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा पुरस्कार पुढे तारामती झालेल्या एका बाईला मिळाला, आणि शताब्दीच्या दिवशी तिच्या तिकिटावर टपाल खात्याचा शिक्का बसला. ज्या कामापायी एके काळी लोकांनी तोंडे फिरविली, त्याच कामाचे हे तिकीट. माझ्या संग्रहात ते आहे. आत्या असती तर तिला दाखविले असते.